सुरांची दांडी

दांडी मारण्यात तसं काही कौशल्य नाही. घरातून डबा घेऊन निघावं आणि कचेरीऐवजी मॅटिनीला जाऊन बसावं, एवढं कोणालाही जमतं. खरं कौशल्य परत येण्यात आहे. संध्याकाळी नेहमीच्या लोकलनं, नेहमीच्या वेळी, नेहमीच्याच दमलेल्या चेहऱ्यानं जो दारात उभा राहतो, डबा रिकामा करून आणायला विसरत नाही आणि ‘आज फार काम होतं’ हे वाक्य नेहमीच्याच पट्टीत म्हणतो, तो खरा दांडीबहाद्दर. आमच्या कचेरीत असे एक गृहस्थ होते. वर्षानुवर्षं पकडले गेले नाहीत. एके दिवशी मात्र ते वाक्य अर्ध्या श्रुतीनं चढं लागलं आणि बायकोनं चपला काढायच्या आत सिनेमाचं नाव विचारलं.

हे आठवायचं कारण म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. या वाद्यालाही एक दांडी असते, आणि तिचा सगळा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो. सुराला जागेवरून हलवायचं कसं, हा प्रश्न १९२९ सालीच सुटला होता. गेलेल्या सुराला नेमका होता तिथं परत आणायचा कसा, हा प्रश्न सोडवायला पुढची पन्नास वर्षं लागली. तीही अमेरिकेत. म्हणजे जिथं माणसं पन्नास वर्षांत चंद्रावर जाऊन परत येतात, तिथं.

आता मी आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध पुतण्याचा. आमच्याकडे तीन पिढ्या तंबोऱ्याखाली वाढल्या. दादा अजूनही सकाळी उठल्यावर चहाच्या आधी षड्ज लावतात. अशा घरात पुतण्यानं एक लाल, चकचकीत, पोट नसलेली गिटार आणली. दादांनी तिच्याकडे सून नापसंत असलेल्या सासूच्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "हिला भोपळा कुठाय?"

मी तिची दांडी हळूच दाबून पाहिली. सहाच्या सहा तारा लिफ्टमध्ये बसल्यासारख्या एकदम खाली गेल्या आणि सोडल्यावर वर आल्या.

"काका, याला सगळे ट्रेमोलो म्हणतात," पुतण्या म्हणाला. "पण तो ट्रेमोलो नाही."

"मग म्हणतात कशाला?"

"ती मोठी गंमत आहे."

ती गंमत पुढं येईलच. आधी ही दांडी मुळात हवी कशाला झाली ते पाहू.

गाणाऱ्याला एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारून चालत नाही, घसरत जावं लागतं. आपण त्याला मींड म्हणतो. शिवाय लांब धरलेला सूर थोडा हलावा लागतो, नाहीतर तो भोंग्यासारखा वाटतो. सतारिया पडद्यावर तार ओढून मींड काढतो. पेटीला ते जमत नाही, आणि त्यापायी बिचारीनं केवढं भोगलं! ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिला बंदी घातली ती १९७१ साली काही अटींवर उठवली. पेटीत मींड निघत नाही, हे तिच्यावरच्या आरोपपत्रातलं एक ठळक कलम होतं. एकतीस वर्षं! एवढी शिक्षा तर आपल्याकडे पूल पाडणाऱ्या कंत्राटदारालाही होत नाही.

अमेरिकेतल्या गिटारवाल्यांना नेमकी हीच टोचणी लागली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे हवाईयन गिटारची लाट आली. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. की सूर कसा तुपावरून घसरल्यासारखा जातो. आपल्याकडच्या जुन्या सिनेमाच्या गाण्यांतही हा घसरणारा सूर तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. उभी धरून वाजवायची स्पॅनिश गिटार मात्र पडद्यांच्या शिस्तीत अडकलेली. बोटानं तार बाजूला रेटली, तर सूर थोडा वर जाई. खाली उतरायची सोयच नव्हती.

क्लेटन कॉफमन नावाच्या उद्योगी माणसानं यावर तोड काढली. सगळे त्याला ‘डॉक’ म्हणत. त्यानं तारांची खालची टोकं एका हलत्या तुकड्यात अडकवली आणि त्या तुकड्याला दांडी बसवली. दांडी डावी-उजवीकडे हलवली, की तारा ताणत आणि सैल होत. १९२९ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, ते १९३२ साली मिळालं. सरकारी कचेऱ्या सगळीकडे सारख्याच, हे वाचून मला फार बरं वाटलं. या यंत्राचं नाव ‘व्हायब्रोला’.

सूर हलू लागला, पण परत येईना. म्हणजे यायचा, पण चुकीच्या घरात. दोन-चार वेळा दांडी हलवली, की गिटार बेसूर. कॉफमन मात्र खचला नाही. हात दुखतो ना, मग मोटार लावू, या विचारानं १९३७ साली रिकनबॅकर कंपनीनं त्याच्या कल्पनेची एक गिटार काढली. तिच्यात खरोखरच विजेची मोटार होती आणि ती तारा आपोआप थरथरवत असे. ती इतकी जड झाली, की धरायला वादक पुरेना, वेगळा आधार द्यावा लागला. वाद्य वाजवण्याऐवजी त्याची गिरणी टाकावी, असा हा प्रकार.

इथं दुसरे गृहस्थ येतात. पॉल बिग्जबी. कॅलिफोर्नियातला मोटारसायकलींचा मेकॅनिक, शर्यतीत भाग घेणारा आणि पेशानं धातूच्या ओतकामाचे साचे बनवणारा. मर्ल ट्रॅव्हिस या नामांकित गिटारवादकाकडे कॉफमनची दांडी होती आणि ती त्याला छळत होती. त्यानं ती बिग्जबीकडे दुरुस्तीला दिली. चांगला मेकॅनिक काय करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुरुस्त करायला दिलेली वस्तू तो दोन दिवस पाहतो, मग ‘साहेब, हे मुळातच चुकलंय’ असं म्हणतो. बिग्जबीनं १९५०च्या आसपास स्वतःची नवी दांडी बनवली. ॲल्युमिनियमचं ओतीव, देखणं काम. तारा एका आडव्या दांड्याला गुंडाळलेल्या, आणि दांडीच्या मुळाशी एक जाडजूड स्प्रिंग. मोटारसायकलवाल्याच्या डोक्यात दुसरं काय येणार!

बिग्जबीच्या दांडीचा स्वभाव घरंदाज आहे. तिला फार लांब जायला आवडत नाही. अर्धा स्वर, फार तर एक स्वर खाली, थोडासा वर. नव्या कापडाची सळसळ यावी तसा तिचा थरथराट. जेवणानंतर कोपऱ्यापर्यंत पान खायला जाऊन यावं, तशी ही दांडी. जाणारा परत येईल की नाही, याची घरात कोणी काळजी करत नाही. शिवाय बसवताना गिटारला फारसं कापावं लागत नाही. चेट ॲटकिन्ससारख्या सभ्य वादकानं ती हयातभर वापरली. ड्वेन एडीनं १९५८ साली ‘रेबेल राउझर’मध्ये तिच्या जोरावर खर्जाच्या तारा अशा हलवल्या, की वाळवंटातून कोणीतरी घोडा घेऊन निघालंय, असं वाटावं.

तिसरे गृहस्थ लिओ फेंडर. १९३८ सालापासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. १९४५ साली याच कॉफमनबरोबर त्यांनी भागीदारीत कंपनी काढली होती. पण कॉफमन लवकरच बाहेर पडला. फेंडर एकटे राहिले आणि जगप्रसिद्ध झाले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. यात नवल वाटून घेऊ नका. उत्तम श्रीखंड करणारे कितीतरी आचारी मधुमेही असतात.

१९५४ साली फेंडर यांची ‘स्ट्रॅटोकास्टर’ बाजारात आली. तिची दांडी बिग्जबीपेक्षा अगदी निराळ्या घराण्याची. इथं तारा जिच्यावर टेकतात ती घोडीच हलते. घोडी पुढच्या बाजूनं सहा स्क्रूंवर तराजूसारखी तोललेली. तिच्याखाली पोलादाचा एक ठोकळा, गिटारच्या पोटात उतरलेला. पुढून सहा तारा त्या घोडीला मानेकडे ओढतात आणि मागून जास्तीत जास्त पाच स्प्रिंगा ठोकळ्याला उलट्या बाजूला ओढतात. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो भरतो. म्हणजे पोटात गव्हाचं अर्धं पोतं टांगलेलं आहे, असं समजा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली, की घोडी तरंगत स्थिर राहते. दांडी दाबली, की तोल ढळतो. सोडली, की पुन्हा सावरतो.

ही कल्पना पाहताक्षणी मला आमचं एकत्र कुटुंब आठवलं. तिथंही कोणी कोणाला धरून ठेवलेलं नसतं. सगळे एकमेकांना उलट्या दिशांनी ओढत असतात आणि त्यातून जो तोल राहतो, त्यालाच घर म्हणतात. आणि गंमत पाहा, स्ट्रॅटोकास्टरची एक तार तुटली, की उरलेल्या पाचही बेसूर होतात. ताण कमी झाला, की स्प्रिंगांचं पारडं जड होतं, घोडी मागं कलते आणि सगळे सूर चढतात. एक काकू माहेरी गेली, की घरातल्या प्रत्येकाचा आवाज चढावा, अगदी तसं.

आता ती मघाची गंमत. सुराची उंची खाली-वर हलते, त्याला संगीतात ‘व्हायब्रेटो’ म्हणतात. सूर तोच राहून आवाज लहान-मोठा होत थरथरतो, तो ‘ट्रेमोलो’. फेंडर यांनी आपल्या दांडीच्या पेटंटावर नाव घातलं ‘ट्रेमोलो’. बरं, चूक एकदाच करून थांबावं! त्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज लहान-मोठा करणारी, म्हणजे खरी ट्रेमोलोची सोय होती. तिला त्यांनी नाव दिलं ‘व्हायब्रेटो’. बारशाला दोन जुळ्यांची नावं उलटी घातली जावीत आणि पुढं रेशनकार्डावरही तशीच चढावीत, असं झालं. बिग्जबीनं आपल्या दांडीला मुद्दाम ‘ट्रू व्हायब्रेटो’ म्हटलं होतं, पण खरं बोलणाऱ्याचं कोण ऐकतो? आजही जगभर गिटारवाले तिला ट्रेमोलोच म्हणतात. कोणी ‘व्हॅमी बार’ही म्हणतात, लॉनी मॅक याच्या १९६३ सालच्या ‘व्हॅम!’ या तुकड्यावरून ते नाव पडलं, असं मानतात. त्याच्या गिटारला होती मात्र बिग्जबीची दांडी.

फेंडर यांच्या दांडीचा पल्ला मोठा होता, आणि त्यातच पुढची भानगड होती. १९५९ साली क्लिफ रिचर्डनं अमेरिकेहून एक लाल स्ट्रॅटोकास्टर मागवून आपला साथीदार हँक मार्व्हिन याच्या हातात दिली. १९६० साली ‘द शॅडोज’नं ‘अपाची’ वाजवलं, त्यात ही दांडी कशी मर्यादेत आहे! प्रत्येक लांब सुराच्या शेवटी नुसता एक नाजूक हेलकावा. स्वतः फेंडर यांचीही अपेक्षा एवढीच असावी. आपण मुलाला सायकल घेऊन देतो, ती शाळेत जाण्यासाठी.

मग जिमी हेंड्रिक्स आला. हा डावखुरा. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर तो उलटी धरून वाजवी, त्यामुळे दांडी खालची वर. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉकच्या मैदानावर त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवायला घेतलं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. राष्ट्रगीताच्या शब्दांत अग्निबाण आणि बॉम्ब यांचा उल्लेख आहे. त्या जागी आल्यावर हेंड्रिक्सनं दांडी दाबत नेली आणि तारांतून बॉम्ब पडले. विमानं सूर मारून खाली आली, माणसं किंचाळली. मग तो पुन्हा मूळ चालीवर आला, जसं काही घडलंच नाही. मी ते ध्वनिमुद्रण दादांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाणं नाही हे. पण खोटंही नाही." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालेलं नाही.

पण एवढ्या लांब गेलेल्या तारा परत सुरात येत नसत. हेंड्रिक्स वाजवता वाजवताच खुंट्या पिळून, तारा ओढून सूर सावरून घेई. ते त्याला शोभलं. बाकीच्यांनी काय करावं? काहींनी सरळ हात जोडले. एरिक क्लॅप्टननं तर आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये लाकडाचा तुकडा ठोकून घोडी हलूच नये, अशी व्यवस्था केली. दार वाजतं म्हणून त्याखाली कागदाची घडी सारतात ना, त्यातलाच प्रकार.

या दुखण्याचं निदान केलं फ्लॉईड रोझ नावाच्या माणसानं. स्वतः गिटार वाजवणारा, आणि धंद्यानं सोनार! १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं पाहिलं, की दोष स्प्रिंगांचा नाहीच. गिटारच्या मानेच्या टोकाशी खाचा असलेली एक पट्टी असते. दांडी दाबली, की तार त्या खाचेतून थोडी सरकते. सोडली, की पूर्वीच्या जागी येण्याऐवजी केसभर अलीकडे अडकते. तो केसभर फरक म्हणजेच बेसूर. त्यानं तार खाचेशी सरसानं चिकटवून पाहिली. टिकेना. मग सोनाराच्या हत्यारांनी एक चिमटा बनवला आणि तारा तिथल्या तिथं आवळून टाकल्या. पुढं घोडीवरही तसाच बंदोबस्त केला. दोन्ही दारांना कुलूप! आता तार सरकणार कुठं? १९७९ साली पेटंट मिळालं. कॉफमनच्या अर्जाला बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

या दांडीनं तारा पार लोंबकळेपर्यंत सैल कराव्यात आणि सोडाव्यात. सूर जिथल्या तिथं हजर. एडी व्हॅन हेलननं ती उचलली आणि १९८०च्या दशकात तिच्याशिवाय गिटार म्हणजे मिशीशिवाय फौजदार, अशी स्थिती झाली. पण निर्धास्तपणा फुकट मिळत नाही. तारेचं टोक कापून चिमट्यात धरायचं, किल्लीनं आवळायचं, तोल साधायचा. कुलूप लागल्यावर खुंटी पिळून उपयोग नाही. म्हणून बारीक सूर लावायला घोडीवर वेगळे स्क्रू द्यावे लागले. आणि तार तुटलीच, तर रंगात आलेल्या मैफलीत माणूस घड्याळजीसारखा किल्ली शोधत बसतो. सुरक्षितपणाचं हे असंच असतं. तीन कुलपांचं कपाट चोराला उघडत नाही, आणि लग्नाला निघायच्या वेळी आपल्यालाही उघडत नाही.

याच दशकात नेड स्टाइनबर्गरनं आणखी पुढची मजल मारली. साध्या दांडीनं जाड आणि बारीक तारा कमी-अधिक उतरतात, त्यामुळे सहा तारांचा मेळ मोडतो. त्यानं सगळ्या तारा एकाच प्रमाणात उतरतील, अशी यंत्रणा केली. सगळं कुटुंब एका पावलानं चालणारं! अशी कुटुंबं जशी विरळा, तशीच ती दांडीही विरळा राहिली. उलट, केव्हिन शील्ड्सनं फेंडरच्याच ‘जॅझमास्टर’ची दांडी हातात धरून सतत हेलकावत तारा छेडल्या आणि १९९१ सालची ‘लव्हलेस’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यात सूर सतत डुलतात. घरी पोचायची कोणालाच घाई नाही. एकाचा दोष तो दुसऱ्याचा राग, हे तिकडेही आहे म्हणायचं.

आता यांतली सगळ्यांत चांगली कोणती? पुतण्याला विचारलं, तर तो तासभर बोलतो आणि शेवटी ‘काय वाजवायचंय त्यावर आहे’ म्हणतो, हे बरंचसं वैद्यासारखं आहे. मला विचाराल, तर ज्याला कोपऱ्यापर्यंतच जायचंय त्यानं बिग्जबी घ्यावी, ज्याला पाताळात उडी मारून वेळेवर परत यायचंय त्यानं रोझची कुलपं लावावीत, आणि ज्याचा स्वतःच्या कानावर भरवसा आहे त्यानं फेंडरचा तो तरंगता तराजू सांभाळावा. बाजारातलं त्यांचं भांडण मात्र आता मिटलं आहे. २०१९ साली फेंडर कंपनीनं बिग्जबीचं नाव आणि धंदा विकतच घेतला. सवती एका घरात नांदतात.

हे सगळं दादांना सांगून झाल्यावर मी त्यांना एक शेवटची चीज ऐकवली. जेफ बेक या इंग्रज वादकाची १९८९ सालची ‘व्हेअर वेअर यू’. बल्गेरियातल्या बायकांचं समूहगान ऐकून त्याला ती सुचली. तारेला हलकेच स्पर्श करून तो एक उंच, पातळ सूर काढतो आणि पुढची सगळी चाल दांडीनं गातो. रोझच्या कुलपांशिवाय, साध्या स्ट्रॅटोकास्टरवर. पडदा नाही, खूण नाही. प्रत्येक सुरावर अंदाजानं यायचं आणि नेमकं तिथंच थांबायचं. बेक २०२३ साली गेला. तो सूर तसाच आहे.

दादांनी डोळे मिटले. एका जागी सूर खूप वर गेला, हेलकावला, घसरत घसरत खाली आला आणि अलगद जागेवर बसला. दादांची मान आपोआप हलली.

"मींड आहे ही," ते म्हणाले. "आणि षड्ज सोडलेला नाही बेट्यानं."

मग त्यांनी डोळे उघडले आणि आतल्या खोलीकडे पाहून पुतण्याला हाक मारली. भोपळ्याविषयी एक शब्द न काढता.